वाचकांचे प्रश्न : ठेकेदाराचे उरलेले पैसे द्यावेत की अडवावेत?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो असून जेल रोड भागात आमचे रो-हाऊस आहे. मुलाच्या लग्नाआधी घराची डागडुजी व्हावी म्हणून यंदा संक्रांतीनंतर ओळखीतून आलेल्या एका ठेकेदाराला काम दिले. त्याने लेटरहेडवर दोन पानी अंदाजपत्रक दिले. त्यात दोन्ही बाथरूमच्या टाइल्स व वॉटरप्रूफिंग, स्वयंपाकघराचा ओटा, मरीन प्लायच्या ट्रॉल्या, वरची कपाटे (दर ९०० रुपये चौरस फूट), घराचे आतून रंगकाम (त्यापुढे ‘एकूण १,१०,०००’ एवढेच लिहिले आहे) आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग अशी कामे होती. एकूण रक्कम ६,८०,००० रुपये ठरली. मी चार हप्त्यांत ५,८०,००० रुपये दिले, त्यांतील शेवटचे ८०,००० रोख दिले आणि त्याची पावती घेतली नाही. शिवाय काम सुरू होतानाच त्याने ‘भरवशासाठी’ म्हणून एक लाखाचा सही केलेला चेक घेऊन ठेवला आहे.

एप्रिलअखेर त्याने ८,९४,५०० रुपयांचे अंतिम बिल दिले. त्यात ५,८०,००० जमा दाखवून ३,१४,५०० बाकी काढली आहे. जादा कामांचा तपशील असा : एका बाथरूमचे जुने पाइप बदलले ३८,००० (मी फोनवर ‘करून टाका’ म्हणालो होतो), विजेचे १४ जादा पॉइंट ११,९०० (पत्नीने सांगितले होते), टाइल्सच्या किमतीतील फरक २४,००० (दुकानात आम्हीच महाग टाइल निवडली), लॉफ्ट ३० चौरस फूट, १,४०० च्या दराने ४२,००० (मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लॉफ्टही करून घ्या’ असे लिहिले, दर विचारला नाही), रंगाचे वाढीव मोजमाप ५८,६०० आणि मालाची दरवाढ ४०,०००.

जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात बेडरूमच्या छताला ओल आली. एका बाथरूममध्ये पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याशी साचते. सिंकखालच्या ट्रॉलीची फळी फुगली. दुरुस्तीला बोलावले तर ‘माणसे सिंहस्थाच्या कामांवर गेली आहेत, आधी पैसे द्या’ असे उत्तर मिळते. दुसऱ्या एका मिस्त्रीने गच्चीचे ४६,०००, बाथरूमचे २२,००० आणि ट्रॉल्यांचे ३०,००० असा दुरुस्तीचा खर्च सांगितला. आता ठेकेदार म्हणतो की चेक बँकेत टाकतो, आणि पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वर द्या. परवा त्याचा टाइल्स बसवणारा कारागीर दारात येऊन स्वतःची थकलेली मजुरी मागत होता. मी आता एक पैसाही देऊ नये असे घरच्यांचे म्हणणे आहे. चेकचे पेमेंट थांबवावे का? तक्रार कोठे करावी?
— एक निवृत्त वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपल्याला कदाचित आवडणार नाही अशा गोष्टीपासून सुरुवात करतो. ‘एक पैसाही देऊ नये’ हे घरच्यांचे म्हणणे आपल्याच पत्रातील आकड्यांपुढे टिकत नाही. ठेकेदार मागतो ते सव्वातीन लाखांच्या घरातले देणे आपल्यावर नाही हे खरे, पण सुमारे एक लाख रुपये मात्र आपण त्याचे आजच देणे लागता. हा आकडा कसा येतो ते नीट पाहू, कारण पुढे पत्र, नोटीस, तडजोड किंवा ग्राहक आयोग यांपैकी कोठेही जावे लागले तरी आपल्या हातात हाच हिशोब असायला हवा. अशा वादात ‘काम वाईट झाले’ आणि ‘बिल फुगवले’ ही दोन वाक्ये एका दमात बोलली जातात आणि मग कोणत्या रकमेवर भांडण आहे हेच कोणाला सांगता येत नाही. ठरलेले काम, जादा काम आणि सदोष काम यांसाठी वहीत तीन वेगळी पाने करा.

पहिल्या पानावर ठरलेले ६,८०,००० येतील. आपण कोणतेही काम अर्धवट राहिल्याचे लिहिलेले नाही, म्हणून ही रक्कम पूर्ण धरू.

दुसरे पान जादा कामांचे. करार तोंडीही होऊ शकतो, भारतीय करार कायदा, १८७२ त्याला हरकत घेत नाही, त्यामुळे फोनवरचे ‘करून टाका’ ही आपली संमतीच आहे. पाइपचे ३८,०००, पॉइंटचे ११,९०० आणि टाइल्सच्या फरकाचे २४,००० मिळून ७३,९०० रुपये मान्य करावे लागतील. टाइल्सच्या बाबतीत दुकानाचे बिल मागून अंदाजपत्रकातील दर आणि खरेदीचा दर यांतील फरक स्वतः मोजावा, तेवढा हक्क आपल्याला आहे. लॉफ्टचे प्रकरण जरा वेगळे आहे. मुलाने काम सांगितले पण दर ठरला नाही. फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला तर लाभ घेणाऱ्याने रास्त मोबदला द्यावा, असे याच कायद्याचे कलम ७० सांगते. रास्त म्हणजे किती, याचे उत्तर आपल्याकडेच आहे, कारण त्याच स्वयंपाकघरातील वरच्या कपाटांना त्याच माणसाने ९०० रुपयांचा दर लावलेला आहे. तीस फुटांचे २७,००० होतात आणि त्याहून वरचे १५,००० देण्याचे कारण दिसत नाही.

रंगाच्या ५८,६०० बद्दल मी ठाम आहे. अंदाजपत्रकात रंगकाम फुटावर नव्हे तर एकठोक १,१०,००० ला धरलेले आहे, आणि एकठोक काम घेणाऱ्याने मोजमाप आधी करायचे असते. भिंती मागाहून वाढत नाहीत. दर चौरस फुटावर असता तर मात्र आपण टेप घेऊन प्रत्येक खोली मोजली पाहिजे असे सांगितले असते. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट, उंची साडेनऊ फूट असेल तर भिंती ४१८ आणि छत १२० मिळून ५३८ चौरस फूट होतात, आणि त्यातून दारे-खिडक्यांची वजावट कशी धरायची यावरच निम्मी भांडणे होतात. मोजमापाच्या आयएस १२०० या भारतीय मानकात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांच्या, झरोक्यांची वजावट धरत नाहीत, त्याहून मोठ्या दारे-खिडक्यांची धरतात. आपल्याला त्या खोलात जाण्याची गरज नाही. मालाच्या दरवाढीचे ४०,००० हेही तसेच नामंजूर करावेत. दर वाढल्यास फरक द्यावा लागेल असे वाक्य अंदाजपत्रकात नसेल, तर तो धोका रक्कम ठरवून काम घेणाऱ्याचा असतो.

म्हणजे मान्य जादा काम ७३,९०० अधिक २७,००० असे १,००,९०० झाले आणि एकूण देणे ७,८०,९०० वर आले. ५,८०,००० दिल्यावर उरतात २,००,९००. आता तिसरे पान, सदोष कामाचे. दुरुस्तीचा अंदाज ९८,००० चा आहे. तेवढी रक्कम दुरुस्ती होईपर्यंत राखून ठेवली तर आज निर्विवाद देय राहतात १,०२,९०० रुपये.

रोख दिलेल्या ८०,००० ची पावती नसल्याची काळजी सोडा. अंतिम बिलात त्याने स्वतःच ५,८०,००० जमा दाखवले आहेत, आणि पावतीहून अधिक बोलका कागद दुसरा नाही. ते बिल मूळ स्वरूपात प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, त्यावर पेनाने खुणा किंवा ‘खोटे’ असे शेरे मारू नका. रागात लोक हेच आधी करतात.

आता चेक. पेमेंट थांबवण्याचा सल्ला आपल्याला अनेकांनी दिला असेल, मी तो देणार नाही. पेमेंट थांबवल्यामुळे परत गेलेला चेकही परक्राम्य संलेख अधिनियमाच्या, म्हणजे चेक-हुंड्यांबाबतच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली येऊ शकतो. चेक परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत ठेकेदार नोटीस पाठवू शकतो, ती मिळाल्यावर पैसे देण्यास आपल्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर प्रकरण फौजदारी न्यायालयात जाते. चेक भरवशाचा होता एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण त्या दिवशी तेवढे देणे होते की नव्हते हा खरा प्रश्न असतो, आणि आपल्याच हिशोबाने ते आहे. चेक एक लाखाचा आणि निर्विवाद देणे १,०२,९०० चे. तेव्हा खात्यात पैसे ठेवा, चेक वटू द्या, उरलेले २,९०० बँकेतून पाठवा, आणि चेक बँकेत पडण्याआधीच ठेकेदाराला लेखी कळवा की ही रक्कम मान्य हिशोबापोटी आहे. ज्या कागदाची आपल्याला भीती वाटत होती तोच आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा होईल, आणि ‘गिऱ्हाईक पैसे बुडवते’ असे म्हणायला त्याला जागा उरणार नाही.

त्या पत्रात आणखी काय असावे? वर केलेला हिशोब ओळीओळीने, जी रक्कम नाकारली तिचे एका वाक्यात कारण, तीन दोषांचे वर्णन, ते १५ दिवसांत दुरुस्त करून देण्याची मागणी, आणि तसे न झाल्यास दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च राखीव ९८,००० मधून वळता केला जाईल अशी सूचना. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोच ठेवावी आणि त्याचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा. ठेकेदाराला दुरुस्तीची संधी न देता परस्पर दुसरा मिस्त्री लावला, तर पुढे ‘मला बोलावलेच नाही’ हा त्याचा बचाव होतो. माणसे सिंहस्थाच्या कामांवर गेली हे खरे असले तरी ती त्याची अडचण आहे, पण पावसाळ्यात गच्चीचे काम नीट होत नाही हेही खरे आहे. त्यामुळे गच्चीपुरती मुदत पाऊस उघडेपर्यंत वाढवून दिली तर आपण समंजस दिसाल, आणि कामही धड होईल.

दुरुस्तीआधी दोषांची नोंद करून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण फोडून पुन्हा केलेल्या कामाचा पुरावा मागे राहत नाही. गच्चीची परीक्षा सोपी आहे. दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली की पन्हळीच्या पाइपचे तोंड ओल्या गोणपाटाने घट्ट बंद करावे, गच्चीवर एक-दोन इंच पाणी तुंबवावे, कठड्यावर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची खूण करावी आणि ४८ तासांनी खालच्या छताची ओल व वरची खूण या दोन्हींचे फोटो घ्यावेत. ओल कोबा तडकल्यामुळे आहे, की कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून, की वरच्या टाकीच्या पाइपमधून, हे तपासून घेतल्याशिवाय ठेकेदाराला दोष देऊ नका, टाकीचा पाइप त्याच्या कामात नव्हता. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओतून दहा मिनिटांनी व्हिडिओ काढा. कोरड्या फरशीवर काचेची गोटी सोडली तर उतार कोणीकडे आहे हे शाळकरी पोरही सांगेल. ट्रॉलीची फुगलेली फळी काढून तिच्यावरचा छाप पाहा. मरीन प्लायवर आयएस ७१० हा क्रमांक असतो, आयएस ३०३ असेल तर तो मरीन नव्हे, आणि छापच नसेल तर ठेकेदाराकडे प्लायच्या खरेदीचे बिल मागा. या सर्वांवर एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून किंवा आर्किटेक्टकडून सही-शिक्क्याचा पाहणी अहवाल घ्यावा. त्याला काही हजार रुपये पडतील, पण दुसऱ्या मिस्त्रीच्या तोंडी अंदाजाला जे वजन नाही ते त्याला येते. मुलाच्या फोनमधील संभाषण पुसू नये आणि फोनही बदलू नये, कारण असा इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते.

जीएसटीबाबत ठेकेदार जे म्हणतो ते उलटे आहे. अशा कामावर कराचा दर १८ टक्के आहे हे बरोबर, पण नोंदणीकृत ठेकेदाराने कराचे बिल द्यायचे ते गिऱ्हाइकाने मागितले म्हणून नव्हे, तर कायद्याने बंधनकारक म्हणून, आणि नोंदणी नसलेल्याला कर घेण्याचा अधिकारच नाही. सेवा देणाऱ्यांना साधारणपणे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी करावी लागते. त्याच्याकडे १५ अंकी-अक्षरी क्रमांक मागा. महाराष्ट्राचा असेल तर तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. क्रमांक असेल, तरीही अंदाजपत्रकात ‘कर वेगळा’ असे लिहिलेले नसताना तो आता वर मागणे मान्य नाही, असे त्याच पत्रात लिहून टाका.

टाइल्सच्या कारागिराची दया येणे स्वाभाविक आहे. त्याला चहा पाजा, पण पैसे हातावर ठेवू नका. त्याची बोलणी ठेकेदाराशी झालेली आहेत आणि आपण दिलेली रक्कम ठेकेदार आपल्या हिशोबात धरेलच असे नाही. देणारच असाल तर ‘याला इतके द्यावेत, माझ्या बिलातून वजा करावेत’ असा ठेकेदाराचा लेखी निरोप आधी घ्या.

एवढे करूनही तो ऐकत नसेल तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार आहे. घरासाठी पैसे मोजून घेतलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये येते, आणि तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करता येते, मग ठेकेदाराचे कार्यालय कोठेही असो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आहे, म्हणजे आपल्याला २०० रुपये भरावे लागतील. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी. ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्या भरता येते, वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहण्यास हरकत नाही, मात्र हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कायद्याने निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यायचा असतो, प्रत्यक्षात याहून खूप अधिक वेळ लागतो हे ध्यानात धरूनच निर्णय घ्या. माझे विचाराल तर ९८,००० आपल्या हातात असताना आपण फिर्यादी होण्याची घाई करू नये. पैसे त्याचे अडकले आहेत, त्यालाच चालून येऊ द्या.

आणि तडजोड झालीच तर एक कागद विसरू नका. करार कायद्याच्या कलम ६३ नुसार येणेकऱ्याने कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली की उरलेले मागता येत नाही. तेव्हा शेवटचा हप्ता देताना ‘या घराच्या कामाचा संपूर्ण हिशोब मिटला, माझे काही येणे नाही, वॉटरप्रूफिंगची जबाबदारी अमुक तारखेपर्यंत माझी राहील’ अशा दोन ओळी त्याच्या सहीने घ्याव्यात.

प्रश्न : मी गंगापूर रोडला राहते. मॉड्युलर किचनसाठी एका माणसाला यूपीआयने ७५,००० रुपये अ‍ॅडव्हान्स दिले. दीड महिन्यात काम देतो म्हणाला होता, त्याला आता चार महिने झाले. फोन कधी उचलतो, कधी नाही. पोलिसांत गेले तर ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवले. बँकेकडून पैसे परत मिळतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, बँकेकडून मिळण्याची आशा धरू नका. पैसे तुम्ही स्वतः, योग्य माणसाला, स्वतःच्या पिनने पाठवले आहेत, बँकेची त्यात चूक नाही. मात्र त्या व्यवहाराची नोंद हा तुमचा सर्वांत पक्का पुरावा आहे, म्हणून त्या महिन्याचे बँक स्टेटमेंट शिक्क्यानिशी काढून ठेवा.

पोलिसांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. काम ठरले आणि वेळेवर झाले नाही एवढ्याने फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच काम करण्याचा इरादा नव्हता असे दिसले पाहिजे. त्याने दिलेला दुकानाचा पत्ता खोटा निघाला, किंवा त्याच महिन्यात आणखी चारपाच जणींकडून असेच पैसे घेतलेले आढळले, तर चित्र बदलते. तेव्हा आधी त्या पत्त्यावर जाऊन या. दुकान उघडे असेल तर ते दिवाणी प्रकरण समजून चाला.

तुमच्या बाबतीत मी किचन मागण्यापेक्षा पैसे मागावेत असे सुचवीन. चार महिने रखडवणाऱ्या माणसाकडून दबावाखाली करून घेतलेल्या ट्रॉल्यांचे पुढे काय होते ते पहिल्या पत्रात आलेच आहे. मुदत उलटून गेली आहे, आता दहा दिवसांत मोजमाप घेऊन काम सुरू न केल्यास करार संपला असे समजून ७५,००० व्याजासह परत करावेत, असे लेखी कळवा. फोनवर बोलणे बंद करा, विचारायचे ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ हे त्याचे एक उत्तरही पैसे मिळाल्याची कबुली ठरते. दहा दिवसांनी १९१५ वर नोंद आणि त्याने भागले नाही तर जिल्हा आयोगात तक्रार. ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही. आयोगाचा आदेश मोडणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे पत्रात नमूद केले तरी पुष्कळांचे फोन सुरू होतात.

प्रश्न : आपल्या सदरात नेहमी गिऱ्हाइकांचीच बाजू येते, म्हणून लिहितो. मी सातपूरला राहतो, फरशी आणि प्लास्टरची लहान कामे घेतो. अंबडजवळच्या एका बंगल्याचे काम डिसेंबरमध्ये पूर्ण केले. ६५,००० रुपये बाकी आहेत. मालक दोन टाइल्स तडकल्याचे कारण सांगून सात महिने झुलवत आहेत. आम्ही कोठे जायचे?
— एक मिस्त्री, सातपूर

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. ग्राहक आयोग तुमच्यासाठी नाही, तेथे सेवा घेणाऱ्यालाच जाता येते, पण म्हणून तुम्ही निराधार नाही. केलेल्या कामाच्या किमतीसाठी काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा करता येतो, आणि त्या मुदतीत मालकाने देणे सहीनिशी लेखी कबूल केले तर तेव्हापासून नवी मुदत मोजली जाते.

दोन टाइल्स तडकल्या तर दोन टाइल्स बदलण्याचा खर्च वजा होईल, ६५,००० अडवता येणार नाहीत. तेव्हा आधी त्या दोन टाइल्स बदलून द्या. तुमची चूक असो वा त्यांनी फ्रिज ओढताना तडकल्या असोत, हजार-दीड हजाराच्या कामाने त्यांचे एकमेव कारण संपते. टाइल बदलताना जुनी टाइल जपून काढा. खाली माल पोकळ निघाला तर चूक तुमची, माल भरीव असून वरून ठोका बसल्याची खूण असेल तर त्यांची, आणि दोन्ही बाबतींत फोटो काढून ठेवा. नंतर मालकाला किंवा त्यांच्या घरच्या कोणाला समोर ठेवून ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) एकूण मोजमाप पुन्हा घ्या आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या करा. सही देणार नाहीत असे वाटत असेल तर तेच मोजमाप आणि बिल स्पीड पोस्टाने पाठवा.

दाव्याच्या आधी सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बस स्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करा. ते मालकाला बोलावून लोकअदालतीत प्रकरण ठेवू शकतात, तेथे कोर्ट फी लागत नाही, आणि तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील नाही. ६५,००० साठी वकिलाचा खर्च करण्याआधी हा रस्ता चालून पाहाच. मात्र बंगल्यावर जाऊन नळ काढून आणणे किंवा फरशी उखडण्याची भाषा करणे टाळा. बसवलेली वस्तू मालकाची झालेली असते, आणि तसे केलेत तर पैशांची फिर्याद राहील बाजूला आणि पोलीस ठाण्यात तुम्हालाच उत्तरे द्यावी लागतील.

पुढच्या कामापासून एक सवय लावून घ्या. जादा काम सांगितले गेले की त्याच संध्याकाळी काम, दर आणि अंदाजे रक्कम असा तीन ओळींचा मेसेज मालकाला पाठवायचा आणि ‘ठीक आहे’ असे उत्तर आल्यावरच दुसऱ्या दिवशी घमेले उचलायचे. पहिल्या पत्रातील ठेकेदाराने लॉफ्टच्या वेळी एवढे केले असते तर त्याचे १५,००० गेले नसते.